'लिक्स' अडते तेव्हा : दोष शोधण्याची रीत

प्रबंध सादर करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असावी, दोनशे पाने लिहून तयार असावीत आणि पीडीएफच्या बटणावर क्लिक करताच पडद्यावर त्रुटींची लांबलचक यादी उमटावी, हा प्रसंग लिनक्सवर 'लिक्स' वापरणाऱ्यांना अपरिचित नाही. अशा वेळी आज्ञावली काढून टाकून पुन्हा बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. त्याने सहसा काही साधत नाही, कारण दोष बहुधा लिक्समध्ये नसतोच. एकावर एक रचलेल्या अनेक थरांपैकी लिक्स हा केवळ सर्वांत वरचा थर होय. बिघाड नेमका कोणत्या थरात आहे हे ठरले की दुरुस्तीचे निम्मे काम झाले असे समजावे.

थरांची रचना

डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली प्रथम सिद्ध केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर 'लाटेक' उभारली. लाटेकमध्ये मजकुराबरोबर आज्ञाही लिहाव्या लागतात. तो त्रास वाचावा म्हणून मथियास एट्रिख यांनी १९९५ मध्ये लिक्सची सुरुवात केली. लिनक्सशी नामसाधर्म्य असले तरी लिक्स ही स्वतंत्र आज्ञावली आहे. लेखक तिच्यात 'हे शीर्षक', 'ही तळटीप' एवढेच सांगतो. लिक्स त्याचे लाटेकमध्ये रूपांतर करते, लाटेक पाने जुळवते, आणि त्यासाठी संगणकावरील फाँट व चित्रे बदलून देणाऱ्या इतर आज्ञावल्यांची मदत घेतली जाते. यांपैकी एक कडी निखळली तरी पीडीएफ तयार होत नाही.

आधी मजकूर वाचवावा

लिक्स अचानक बंद पडल्यास ती जाता जाता मूळ फाइलशेजारी, नावाच्या शेवटी 'इमर्जन्सी' असा शब्द जोडलेली एक प्रत ठेवण्याचा प्रयत्न करते. काम चालू असताना ठरावीक वेळाने होणाऱ्या जतनाच्या फाइलच्या नावाला दोन्ही बाजूंनी 'हॅश' चिन्ह असते. नावाच्या शेवटी नागमोडी 'टिल्ड' चिन्ह असलेली फाइल म्हणजे आधीच्या वेळी जतन केलेली प्रत होय. फाइल पुन्हा उघडताना 'रिकव्हर' की 'लोड ओरिजिनल' असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या सर्व फाइलींच्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला तरी मग नुकसान होत नाही.

'डॉक्युमेंट क्लास उपलब्ध नाही'

ही तक्रार आली की लाटेकचा एखादा भाग संगणकावर बसवलेलाच नाही असे समजावे. लाटेकचा 'टेक लाइव्ह' हा संच फार मोठा असल्याने डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांत तो लहान लहान पॅकेजांत विभागलेला असतो. आवश्यक पॅकेज बसवल्यानंतरही तीच तक्रार कायम राहते आणि इथेच पुष्कळजण फसतात. संगणकावर काय काय आहे याची यादी लिक्स आपल्याजवळ राखून ठेवते व तीच वाचते. म्हणून 'टूल्स' मेन्यूतील 'रिकन्फिगर' हा पर्याय निवडून लिक्स बंद करावी आणि पुन्हा सुरू करावी.

पहिली चूक महत्त्वाची

त्रुटींची यादी पाहून गांगरून जाण्याचे कारण नाही. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला तर त्यापुढील अनेक ओळी लाटेकला चुकीच्या वाटतात. म्हणून 'डॉक्युमेंट' मेन्यूतून 'लाटेक लॉग' उघडावा आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ वाचावी. ती चूक सुधारून पुन्हा प्रयत्न केल्यास बाकीच्या तक्रारी अनेकदा आपोआप नाहीशा होतात. लॉगमधील ओळक्रमांक लिक्सने तयार केलेल्या लाटेक फाइलचा असतो, लिक्सच्या पडद्यावरील परिच्छेदाचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी मजकुराची गोष्ट

देवनागरी मजकूर असलेल्या दस्तऐवजात वेगळ्याच अडचणी उद्भवतात. 'क' हे अक्षर, म्हणजे युनिकोडमधील ०९१५ क्रमांकाचे चिन्ह, लाटेकसाठी योजलेले नाही अशी तक्रार आल्यास जुळणी 'पीडीएफ-लाटेक'कडून होत आहे हे उघड आहे. त्याऐवजी जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेले 'झीटेक' वापरावे, कारण ते युनिकोड आणि संगणकावरील ओपनटाइप फाँट थेट वाचते. दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये फाँटच्या पानावर 'टेकेतर फाँट वापरा' या अर्थाचा पर्याय आहे. तो निवडून दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवावी. डेबियन व उबुंटूवर झीटेक वेगळ्या पॅकेजातून बसवावे लागते.

याहून फसवी अडचण म्हणजे पीडीएफ तयार होते, पण त्यात अक्षरांच्या जागी चौकोन किंवा मोकळी जागा दिसते. निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसल्यास असे घडते. लाटेक एरवी त्यासाठी काम थांबवत नाही. लॉगमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' अशी नोंद तेवढी करते. मुंबईच्या आयआयटीचा 'शोभिका' हा मुक्त परवान्याचा फाँट किंवा देवनागरी असलेला दुसरा कोणताही युनिकोड फाँट निवडल्यास प्रश्न सुटतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल आणि जोडाक्षरे फुटून हलन्त दिसत असतील, तर फाँट बरोबर असूनही लिपी 'देवनागरी' असल्याचे झीटेकला सांगितले गेलेले नसते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हवी असल्यास फाँटमध्ये ती असावी लागतात व भाषा मराठी असल्याचेही नोंदवावे लागते.

चित्रे का अडतात?

काल चालणारी फाइल संगणक अद्ययावत केल्यावर आज चालत नसेल, तर चित्रांकडे पाहावे. २०१८ मध्ये 'घोस्टस्क्रिप्ट'मधील सुरक्षाविषयक त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक वितरणांनी 'इमेजमॅजिक'ला पीडीएफ व पोस्टस्क्रिप्ट फाइली हाताळण्यास मनाई केली. त्यामुळे लिक्समधील काही रूपांतरे 'नॉट ऑथोराइज्ड' या संदेशासह थांबू लागली. २०२० मध्ये 'इंकस्केप'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तिच्या आज्ञांचे स्वरूप बदलले आणि जुन्या लिक्सला एसव्हीजी चित्रे बदलून घेणे जमेना. दोन्ही वेळी दोष लिक्सच्या मजकुरात नव्हता. अशा वेळी सुरक्षेचे नियम शिथिल करण्यापेक्षा चित्रे आधीच पीडीएफ किंवा पीएनजी स्वरूपात तयार करून घालणे श्रेयस्कर. चित्रांच्या व संदर्भसूचीच्या फाइलींची नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत.

निम्म्याने शोध

एवढ्यानेही दोष सापडला नाही तर दोन उपाय उरतात. पहिला, रिकामा फोल्डर 'यूजरडिर' या पर्यायासह देऊन टर्मिनलमधून लिक्स सुरू करणे. फाइल तेथे नीट चालली तर जुन्या वैयक्तिक सेटिंगमध्ये बिघाड आहे. दुसरा, फाइलची प्रत घेऊन तिचा निम्मा भाग 'नोट'मध्ये टाकणे. नोटमधील मजकूर छापला जात नाही. पीडीएफ तयार झाली तर दोष त्या झाकलेल्या भागात, न झाल्यास उघड्या भागात. मग दोषी भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. दोष एकाच ठिकाणी असेल, तर हजार परिच्छेदांतील चुकीचा परिच्छेदही दहा फेऱ्यांत हाती लागतो.

दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडत नसल्यास आवृत्त्या तपासाव्यात. नव्या लिक्सची फाइल जुनीला वाचता येत नाही; 'एक्स्पोर्ट'मधून जुन्या आवृत्तीसाठी प्रत काढावी लागते. प्रबंध ऐन शेवटच्या टप्प्यात असताना संगणकप्रणाली अद्ययावत करण्याचा मोह टाळावा. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले की कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही, आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.