काळोखाचा सेट

सन २००४. कालयंत्रातून उतरताना पाय टेकतात ते मेणवलीच्या घाटावर. पायऱ्या जपून उतरा. तुमच्या कपड्यांकडे कुणी वळून बघणार नाही. 'स्वदेस'चं शूटिंग चालू असलेल्या गावात कुणीही कसंही हिंडत असतं. मोबाइल मात्र खिशातून काढू नका. समोर कृष्णा, पाठीशी नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मेणेश्वरापाशी वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. वाई इथून हाकेच्या अंतरावर. तरी "वाईची एसटी कुठं थांबते?" असं मोठ्यानं विचारू नका. कॅमेरा चालू आहे तोवर हे गाव सातारा जिल्ह्यात नाही. त्याचं नाव चरणपूर आणि ते उत्तर प्रदेशात आहे.

या भागाला याची सवय आहे. प्रकाश झांचा 'मृत्युदंड' इथं झाला. गेल्याच वर्षी 'गंगाजल' आला, त्यात वाईचं बिहारमधलं तेजपूर झालं होतं. पुढे 'दबंग'मध्ये वाई पुन्हा उत्तर प्रदेशात जाणार आहे, पण ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा गप्प राहा. इतक्या वेळा उत्तरेत बदली झालेल्या वाईकरांनी तिकडचं रेशनकार्ड मागितलं तरी चालेल.

घाटावरून वर जाणाऱ्या जाड काळ्या केबली दिसतात? त्यांच्या मागोमाग चला. ओलांडताना पाय उचलून टाका, नाहीतर लाइटमन ओरडेल. गल्ली संपते, गोठा संपतो, आणि बरंच लांब, माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून आडोशाला उभी केलेली जनरेटरची गाडी दिसते. घरघर, डिझेलचा वास, शेजारी चहाची किटली. आज रात्री गावातली वीज गेल्याचा प्रसंग घ्यायचा आहे असं समजा. पडद्यावर काळोख दिसायचा तर आधी चांदणं करावं लागतं. उंचावर मोठे दिवे चढवायचे, त्यांच्यापुढे कापड धरायचं, नको तिथला उजेड काळ्या पट्ट्यांनी कापायचा. म्हणजे चरणपुरातली वीज जावी म्हणून मेणवलीत डिझेल जाळायचं. कॅमेरा महेश अणे यांचा आहे. २००४ सालचा छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच 'स्वदेस'साठी मिळणार आहे.

तुम्ही विज्ञानपटाची माणसं बघायला निघाला होतात. मग या कालयंत्रानं तुम्हाला इथं का आणून टाकलं, ही शंका रास्त आहे. 'कोई मिल गया' येऊन वर्षही उलटलेलं नसेल. विज्ञानपट म्हटलं की लोकांना जादू आठवतो, निळसर, मोठ्या डोळ्यांचा. इथं परग्रहवासी म्हणाल तर एकच आहे, मोहन भार्गव, नासातला प्रकल्प व्यवस्थापक. तो उडत्या तबकडीऐवजी कॅरॅव्हॅनमधून गावात शिरतो आणि बाटलीबंद पाणी पितो. गावकरी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतात, त्यावरून विज्ञानपटाचा निकष पुरा व्हायला माझी काही हरकत नाही.

आता माणसं बघा. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'वापसी' नावाची छोटी कथा झाली होती, त्यात हाच मोहन खुद्द गोवारीकरांनी रंगवला होता. आता तो त्यांनी शाहरुख खानला दिलाय. कावेरीअम्मा झालेल्या किशोरी बल्लाळ कन्नड रंगभूमीवरच्या आणि पडद्यावरच्या. पोस्टमास्तर राजेश विवेक. अमेरिकेत महामार्गावर धाबा काढायची स्वप्नं बघणारा मेलाराम म्हणजे दयाशंकर पांडे. गावच्या वडीलधाऱ्यांत लेख टंडन बसलेत, स्वतः जुने दिग्दर्शक. गीता झालेली गायत्री जोशी नागपूरची. हा तिचा पहिला चित्रपट आणि शेवटचाही. गाव उभं केलंय नितीन चंद्रकांत देसाईंनी. 'लगान'साठी भुजजवळ कोरड्या माळावर त्यांनी अख्खं चंपानेर बांधलं होतं. इथं दगड, वाडा, घाट आयता होता, तो दुसऱ्या प्रांतातला वाटायला हवा होता.

कपड्यांची जबाबदारी भानू अथय्यांवर. 'गांधी'साठी १९८३ साली ऑस्कर घेतलेल्या भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार आणि बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी संबंधित. म्हणजे गीताची साधी सुती साडी कोणत्या घराण्याची हे ध्यानात ठेवा. मला विचाराल तर श्रेयनामावलीतली ही जागा शाहरुखच्या नावाइतकीच मोठ्या अक्षरांत हवी.

डोळे मिटा. उघडाल तेव्हा फ्लोरिडातलं केनेडी अंतराळ केंद्र. कोलंबिया यान कल्पना चावलांसह गेलं ते १ फेब्रुवारी २००३ ला. त्याची जखम अजून ओली असतानाच हे भारतीय युनिट इथं चित्रीकरण करतंय. इथं देसाईंना काही उभारायचं नाही. इमारती खऱ्या, आणि मोहन ज्यावर काम करतो तो पर्जन्यमापनाचा जीपीएम उपग्रहही नासाच्या खऱ्या योजनांतला. चित्रपट आला तेव्हा तो अजून जमिनीवरच होता. प्रत्यक्ष उड्डाण जपानच्या तानेगाशिमाहून झालं, फेब्रुवारी २०१४ मध्ये. म्हणजे या चित्रपटातलं अवकाशविज्ञान अस्सल आहे. कल्पित आहे तो साताऱ्यातला काळोख.

आणि तो केवढा कल्पित! मेणवलीच्या वरच्या अंगाला, त्याच कृष्णेवर, धोम धरण आहे. याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात कोयना. १९६२ साली तिथला पहिला टप्पा चालू झाला. आज सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून पाणी पश्चिमेला पोफळीकडे सोडलं आणि त्यावर मुंबईपर्यंतचे कारखाने चालले. ज्यांची गावं बुडाली, त्यांच्या पुनर्वसनाची प्रकरणं मात्र पिढ्या उलटल्या तरी सरली नाहीत. महाराष्ट्राला वीज देणाऱ्या जिल्ह्याला सिनेमात वीज जाणाऱ्या गावाची भूमिका मिळाली, ही निवड गोवारीकरांनी बहुधा घाटाचं देखणेपण बघून केली असावी. पण नट योग्य निवडला.

नदीबरोबर खाली चला. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते. थोडं पुढे गेलात की काळ १९१० वर आणा. औंध संस्थानातला, कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना आणि वसाहत मांडतायत. लोखंडी नांगरानं सुरुवात झाली, पंप नंतर आले. आज हे सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. इथं थांबायचं कारण मोहनचं यंत्र, ज्यानं तो चरणपुरात पाण्यावर वीज करतो. पंप वीज खाऊन पाणी वर चढवतो. तोच उलटा फिरवला, वरून पाणी त्याच्यात सोडलं, तर तो वीज देतो. हिशेब सोपा आहे: सेकंदाला १०० लिटर पाणी २० मीटरांवरून पाइपातून उतरवा, गळती-घर्षण वजा जाता १४ किलोवॅटच्या आसपास हाती लागतात. नुसत्या दिव्यांपुरतं एक लहान गाव त्यात भागतं. नासाची गरज नाही, उताराची आहे.

आणखी खाली, सांगली. ५ नोव्हेंबर १८४३. ही रात्र सावकाश बघा. संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवतांचे खेळ पाहिले आणि आपल्याकडे असं काही करा म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं. आज 'सीतास्वयंवर' आहे. भावे गाणार, पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलणार. लिहिलेले संवाद नाहीतच. भाव्यांचा हात लाकडी बाहुल्यांवरही बसलेला आहे, म्हणजे निर्जीव वस्तूत जीव कसा आणायचा हे त्यांना आधीच ठाऊक. मशालींच्या उजेडात देव, राजे, ऋषी येतात. या खेळांतली राक्षसमंडळी पाहायला मिळाली तर सोडू नका: आरोळी ठोकत प्रवेश, आणि त्याच क्षणी कुणीतरी मशालीवर राळ फेकतो. भक्कन जाळ होतो. पुढे बसलेली पोरं मागे सरकतात.

तो राळ फेकणारा नीट बघून घ्या. आपल्याकडच्या स्पेशल इफेक्टवाल्यांचा तो मूळपुरुष. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. ताल चुकला तर राक्षस आधी आणि जाळ नंतर, मग प्रेक्षक हसणार; म्हणजे सगळं भय याच्या मनगटात. मेणवलीत कापड धरून चांदणं गाळणारा पोऱ्या आणि हा, एकाच नदीच्या काठावरचे सहव्यवसायी.

शेवटी नदी सोडून एक लांब उडी घ्या, नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात. जानेवारी २००३, बिलगाव. मोहनची गोष्ट ज्यांच्यावरून सुचली असं सांगतात ते रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे अमेरिकेतून परतलेलं जोडपं इथल्याच कामात होतं. गावकऱ्यांनी श्रमदानानं बंधारा घातलाय, केरळचे तरुण तंत्रज्ञ मदतीला आहेत, आणि १५ किलोवॅटचा प्रकल्प चालू होतोय. इथं कॅमेरा नाही, रहमानचं संगीत नाही. दिवे मात्र लागतात. २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो प्रकल्प गेला. चित्रपटाच्या शेवटी म्हातारीच्या झोपडीत बल्ब लागतो. त्या दृश्याचा दुसरा भाग कुणी काढला नाही, आणि काढला असता तर तो कुठल्या थिएटरात लागला असता हे सांगायला कालयंत्र नको.

'स्वदेस' १७ डिसेंबर २००४ ला लागला आणि तिकीटबारीवर बेताचाच चालला. लोकांनी तो खरा पाहिला नंतर, घरी, टीव्हीवर. म्हणून परतीच्या वाटेवर २००५ सालच्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात उतरा. ओसरीवर टीव्ही, समोर दहा-पंधरा माणसं. झोपडीतला बल्ब लागायला आलाय, तेवढ्यात सगळं गप्प. भारनियमन. वीज आता रात्री येणार, शेतीची मोटार चालू करायला. बायका भाकरीला उठतात, पोरं चिडतात. तुमच्या शेजारचे आजोबा विचारतात, "पाव्हणं, तुमी बघितलाय न्हवं? लागली का वो लाइट त्या गावात?"

"लागली की आजोबा."

"कोण आल्ता? वायरमन?"