क्लोन बदलला, मूळ पुसू का?

शंभर जीबीच्या व्हॉल्यूमचा क्लोन क्षणात तयार झाला की तुम्हालाही वाटेल, काहीतरी गंडलंय. खरं तर तेव्हा डेटाची कॉपी होतच नाही.

ही युक्ती जुनी आहे. 1972 च्या सुमारास टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोग्राम मेमरीची पानं वाटून वापरत. कुणी लिहायला गेलं की तेवढ्याच पानाची प्रत व्हायची. 1994 मध्ये हिट्झ, लाऊ आणि माल्कम यांनी वॅफलवरच्या शोधनिबंधात स्नॅपशॉटसाठी हाच विचार डिस्कवर दाखवला. सन मायक्रोसिस्टम्सच्या झेडएफएसचा कोड 2005 मध्ये खुला झाला आणि लिहिता येणारा क्लोन एका कमांडवर आला.

क्लोनमध्ये काही बदललंत की फक्त बदललेले ब्लॉक नव्या जागी जातात. बाकीचे मूळ स्नॅपशॉटचेच! म्हणून मी क्लोन सुधारून मूळ पुसायला गेले, तेव्हा ‘डेस्ट्रॉय’ने नकार दिला. चिडून मी कॅपिटल ‘आर’ जोडणार होते. जोडला असता तर क्लोनही गेला असता, आणि त्यासोबत माझं महिन्याभराचं काम.

उपाय ‘प्रमोट’. त्याने नातं उलटतं: स्नॅपशॉट क्लोनकडे येतो, मूळ त्याच्यावर अवलंबून राहतं. मग मूळ खुशाल पुसा. पण आधी ‘ओरिजिन’ तपासा बरं का!