सॅनिबेल व कॅप्टिव्हा

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातातील दोन रोधक बेटे. लाटा व प्रवाह वाळू साचवत गेले, की मुख्य भूमीला समांतर अशी बेटे तयार होतात. शंखशिंपले, पक्षी आणि निवांत किनारे यांसाठी ही दोन बेटे जगभर ओळखली जातात. इथली शांतता दुर्गमतेमुळे टिकली, असा पाहुण्याचा सहज समज होतो. पण 1963 मध्ये सुमारे पाच किमी.चा सेतुमार्ग झाल्यापासून सॅनिबेलला मोटारीने कोणीही पोहोचू शकतो. ही शांतता रहिवाशांनी कायदा करून, बांधकामातला नफा सोडून राखली आहे.

निसर्गाचा वाटा अर्थातच मोठा आहे. या किनाऱ्यावरची बहुतेक रोधक बेटे उत्तर-दक्षिण पसरलेली असताना सॅनिबेलचा दक्षिण किनारा वळून पूर्व-पश्चिम झाला आहे. समोरचा समुद्रतळ उथळ आणि संथ उताराचा असल्याने प्रवाहाबरोबर आलेले शंख फारसे न फुटता इथे अडतात. हिवाळ्यात, विशेषतः वादळानंतरच्या ओहोटीला, वाळूवर त्यांचे थर दिसतात. तपकिरी ठिपक्यांचा जुनोनिया हा विशेष दुर्मीळ. तो खोल पाण्यात राहतो, म्हणून किनाऱ्यावर क्वचितच सापडतो. पण शंखांमुळेच माणसांची रीघ लागली, आणि किनारा ओरबाडला जाण्याची भीतीही त्यांच्यामुळेच निर्माण झाली. 1995 पासून सॅनिबेलवर जिवंत प्राणी आत असलेला शंख उचलण्यास बंदी आहे. रिकामा शंख घेता येतो. रिकामे शंखही शंखवासी खेकड्यांना लागतात, मग तेवढी तरी सूट का, हा आक्षेप रास्त आहे. मात्र प्रजनन करणारा जीव वाचला तर शंखांचा पुरवठा चालू राहतो, आणि लोकांना पाळता येईल असा नियमच प्रत्यक्षात पाळला जातो.

वन्यजीवांच्या बाबतीत हा निर्धार अधिक जुना आहे. कॅप्टिव्हावर हिवाळे घालवणारे व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांच्या खटपटीमुळे 1945 मध्ये सॅनिबेलवर राष्ट्रीय अभयारण्य झाले. 1967 मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. त्यातील खारफुटीत गुलाबी चमचे (स्पूनबिल), शराटी व बगळे हे पक्षी चरतात. अभयारण्यातून जाणारा मोटाररस्ता शुक्रवारी बंद असतो, कारण प्राण्यांनाही माणसांपासून एक दिवस विसावा हवा. पर्यटनस्थळाने आठवड्याच्या एका दिवसाची गर्दी नाकारावी, ही साधी गोष्ट नाही.

निर्णायक पाऊल 1974 मध्ये पडले. काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) नियमांनुसार सॅनिबेलवर सुमारे 30,000 घरे उभी राहू शकली असती. रहिवाशांनी मतदानाने स्वतंत्र नगर स्थापले आणि 1976 च्या आराखड्यात जमीन, पाणी व वनस्पती यांना किती भार पेलेल हे आधी ठरवून मग बांधकामाची मर्यादा घातली. वादळाच्या वेळी एकाच रस्त्याने किती माणसे बाहेर पडू शकतील, याचाही त्यात विचार होता. इमारतींची उंची मर्यादित राहिली, रहदारीचे दिवे आले नाहीत, आणि बेटाचा मोठा भाग राखीव झाला.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मर्यादेमुळे घरे महागली आणि शांतता श्रीमंतांची झाली. तो खरा आहे. इथल्या हॉटेलांत राबणारे बरेचसे कामगार रोज सेतू ओलांडून येतात. कमी भाड्याच्या घरांची योजना असली तरी ती पुरेशी म्हणता येणार नाही. पण समुद्रकिनाऱ्यावर तीस हजार घरे झाली असती तर ती स्वस्त राहिली असती, याला काहीच आधार नाही. शिवाय किनारा आणि अभयारण्य बाहेरच्यांनाही खुले आहेत. ही विषमता कामगारांसाठी घरे बांधून कमी करता येईल. त्यासाठी खारफुटी तोडण्याची गरज नाही.

28 सप्टेंबर 2022 रोजी इयान चक्रीवादळाने सेतुमार्ग अनेक ठिकाणी तोडला आणि वादळाने उसळलेले समुद्राचे पाणी सॅनिबेलभर पसरले. मग आराखड्याने काय साधले, असे विचारले गेले. आराखडा लाट थोपवणारा नव्हताच. रोधक बेट सरकणारे, तुटणारे असते, आणि 1921 च्या वादळाने कॅप्टिव्हाचा उत्तर भाग वेगळा केला होता. संकटाच्या वाटेत किती माणसे व घरे असावीत, एवढेच माणसाच्या हाती असते. तो आकडा इथे अर्ध्या शतकापूर्वी बांधून घेतला गेला नसता, तर 2022 मध्ये त्या एकमेव रस्त्यावर कितीतरी पट कुटुंबे अवलंबून असती.