समान वाट्याचे बेट

इ. स. १५०६ मध्ये पोर्तुगालचे एक मोठे आरमार लिस्बनहून हिंदुस्थानच्या दिशेने निघाले. त्याचा अधिपती होता त्रिस्तांव द कुन्हा. त्याच्याबरोबरच्या गलबतांपैकी एका तुकडीवर आफोंसो द आल्बुकेर्क होता. चार वर्षांनी गोवा जिंकणारा आल्बुकेर्क तो हाच. त्याआधी हिंदुस्थानातील पहिला व्हाइसरॉय म्हणून कुन्हाचीच निवड झाली होती; परंतु ऐन वेळी त्याची दृष्टी गेली आणि तो मान फ्रान्सिस्कु द आल्मैदाला मिळाला. पुढे दृष्टी परत आली आणि कुन्हा या सफरीवर निघाला. त्या काळी हिंदुस्थानकडे येणारी गलबते वाऱ्याच्या सोयीसाठी अटलांटिक महासागरात पश्चिमेकडे मोठा वळसा घेत आणि दक्षिणेकडील पश्चिमी वारे गाठून मग पूर्वेस वळत. कुन्हाचा वळसा बराच दक्षिणेस गेला आणि एके दिवशी समुद्रातून सरळ वर उठलेला एक पर्वत त्याच्या खलाशांना दिसला. खवळलेल्या समुद्रामुळे किनाऱ्यास लागता आले नाही. बेटाला कुन्हाचे नाव मिळाले आणि आरमार पुढे गेले. याच कुन्हाचा मुलगा नुनो पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकिर्दीत, १५३० साली, राजधानी कोचीनहून गोव्यास आली.

त्रिस्तान द कुन्हा हे बेट म्हणजे एक ज्वालामुखी पर्वत आहे. त्याचे शिखर २,००० मीटरांहून उंच असून क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांच्या आतच भरते. उत्तरेकडील सेंट हेलिना बेट येथून सुमारे २,४०० किलोमीटरांवर आणि आफ्रिकेतील केपटाउन सुमारे २,८०० किलोमीटरांवर. मुंबईहून रेल्वेने दिल्लीस जाऊन परत येण्याइतके हे अंतर. फरक इतकाच की वाटेत एकही स्थानक नाही. बेटावर विमानतळ नाही. आजही केपटाउनहून जहाजाने जावे लागते आणि प्रवासास सुमारे आठवडा लागतो. तेथे पोचल्यावरही समुद्र शांत नसेल तर किनारा डोळ्यांसमोर असताना जहाजावरच दिवस काढावे लागतात.

अशा ठिकाणी मनुष्यवस्ती झाली ती नेपोलियनमुळे. सेंट हेलिनावर बंदिवासात असलेल्या बादशहाच्या सुटकेसाठी फ्रेंच लोक या बेटाचा उपयोग करतील, या भयाने इंग्रजांनी १८१६ साली येथे लष्करी ठाणे घातले. हे भय अनाठायी ठरले आणि पुढच्याच वर्षी शिबंदी परत बोलावण्यात आली. तथापि तोफखान्यातील विल्यम ग्लास नावाच्या एका स्कॉटिश कार्पोरलने राहण्याची परवानगी मागितली. त्याची पत्नी, मुले आणि दोन गवंडी एवढीच माणसे त्याच्याबरोबर राहिली.

७ नोव्हेंबर १८१७ रोजी या सोबत्यांनी एक करारपत्र केले. गुरेढोरे व सामानसुमान सर्वांच्या समान मालकीचे असावे, नफा सारखा वाटावा, खर्चही सारखाच सोसावा आणि कोणीही कोणावर वरचढपणा गाजवू नये, अशी त्यातील कलमे होती. मोठमोठ्या राज्यांत समतेच्या घोषणांसाठी रक्त सांडले जात होते त्याच काळात तीन सामान्य माणसांनी ती एका कागदावर लिहून टाकली. त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, गरज होती. जेथे होडी ओढण्यास प्रत्येक हात लागतो तेथे मालक आणि चाकर हा भेद परवडत नाही.

या वस्तीस सुरुवातीच्या काळात भेट देणाऱ्यांत ऑगस्टस अर्ल हा इंग्रज चित्रकार होता. १८२४ साली तो कलकत्त्यास जाण्याच्या इराद्याने निघाला असता त्याचे जहाज बेटापाशी थांबले. चित्रे काढावी म्हणून तो आपल्या कुत्र्यासह किनाऱ्यावर उतरला. इतक्यात हवा बिघडली, जहाज दूर गेले आणि परत आलेच नाही. सुमारे आठ महिने अर्लने तेथे काढले. बेटकऱ्यांनी त्याला घरात घेतले. त्यानेही मुलांना शिकविले आणि उपासनेच्या वेळी पाद्र्याचे काम केले. त्याच्या हकिकतीत समुद्राकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची तगमग आहे, पण यजमानांविषयी कृतज्ञताही आहे. जी जागा त्याला तुरुंगासारखी वाटली ती त्यांनी राजीखुशीने घर म्हणून पत्करली होती. तेथे आलेल्या बहुतेक पाहुण्यांना हे कोडे पडले.

पुढील काळात सेंट हेलिनाहून काही स्त्रिया आल्या. फुटलेल्या जहाजांतून आणि देवमाशांच्या शिकारीवरून हॉलंड, अमेरिका व इटलीचे खलाशी येऊन स्थायिक झाले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेट्टो आणि लाव्हारेल्लो ही सात आडनावे या वस्तीत रुजली.

सर्वांचा जीव होता बटाट्यावर. वस्तीपासून सुमारे पाच किलोमीटरांवर एका सखल पट्टीत बटाट्याची शेते आहेत. वाऱ्यापासून व गुरांपासून बचाव व्हावा म्हणून प्रत्येक तुकड्याभोवती दगडी गडगा घातलेला असतो. वसंताच्या आरंभी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, लावणी होते आणि जानेवारीच्या सुमारास काढणी सुरू होते. खतासाठी बेटकरी लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेल्या होड्यांतून चाळीसेक किलोमीटरांवरील नाइटिंगेल बेटावर जात आणि समुद्रपक्ष्यांची विष्ठा भरून आणीत. बटाट्याला तेथे नाण्यासारखे मोल होते. १९४६ साली बेटासाठी सुचविलेल्या एका टपाल तिकिटावर एक पेनी या किमतीबरोबर ‘चार बटाटे’ असेही छापले होते.

जमीन सर्वांची सामायिक असते. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही. कोणत्या कुटुंबाने किती गुरे-मेंढरे पाळावी यालाही मर्यादा आहे. कारण चराईचे रान थोडे, आणि एकाचा कळप वाढला तर दुसऱ्याचा उपाशी मरतो. छपराची शाकारणी, होडीची बांधणी, मेंढ्यांची लोकर कातरणे ही कामे शेजारी मिळून करतात. १८१७ च्या कराराचा कागद मागे पडला, पण त्यातील कलमे अशी शेतात उतरली.

या जीवनाला संकटांनी वारंवार गाठले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडची जहाजे त्या वाटेने जाऊ लागली आणि बेटावरचा राबता ओसरला. १८८२ साली किनाऱ्यास लागलेल्या एका जहाजातून उंदीर उतरले व त्यांनी पिकांचा फडशा पाडण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर १८८५ मध्ये समुद्रातून जाणाऱ्या एका जहाजाशी देवघेव करण्यासाठी पंधरा पुरुष होडीतून गेले. त्यांतील एकही परतला नाही. वस्तीत विधवा आणि मुलेच अधिक उरली. बेट सोडून चला, दुसरीकडे जमीन देऊ, असे सरकारने त्यानंतर सुचवून पाहिले. काही जण गेले, बहुतेक राहिले.

खरी कसोटी १९६१ साली लागली. ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि ऑक्टोबरात वस्तीच्या अगदी लगत जमीन फाटून ज्वालामुखी जागा झाला. सर्व माणसे होड्यांनी नाइटिंगेल बेटावर गेली, तेथून एका डच जहाजाने केपटाउनला आणि पुढे इंग्लंडला पोचली. साउदॅम्प्टनजवळील कॅलशॉट येथे त्यांना घरे मिळाली. वीज, चित्रपटगृहे, दुकाने, नोकऱ्या, हातात रोख पैसा, सारे काही होते. वृत्तपत्रांना या भोळ्या शेतकऱ्यांचे मोठे कौतुक वाटले आणि आता हे लोक सुखाने येथेच राहतील, असे अधिकाऱ्यांस वाटू लागले.

बेटकऱ्यांस मात्र तसे वाटले नाही. हिवाळ्यात सर्दी-खोकल्याने ते बेजार झाले. काही वृद्ध परदेशातच वारले. घड्याळाच्या काट्यावर दुसऱ्याचे काम करण्याची त्यांना सवय नव्हती. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झाले. परत जाण्याच्या बाजूने १४८ मते पडली, विरुद्ध अवघी ५. लाव्ह्याने मासळी डबाबंद करण्याचा कारखाना व होड्या लावण्याच्या जागा गिळल्या होत्या, परंतु घरे बहुतांशी शाबूत होती. १९६३ साली बहुसंख्य कुटुंबे परतली आणि त्यांनी पुन्हा बटाट्याचे बेणे जमिनीत घातले.

या परतण्याला भाबड्या गोष्टीचे रूप देणे योग्य होणार नाही. १९६६ साली सुमारे पस्तीस जण पुन्हा इंग्लंडला गेले. त्यांतील काही कालांतराने परत आले. जे राहिले त्यांनीही इंग्लंडमध्ये पाहिलेले सारे टाकून दिले नाही. १९६७ साली बांधलेल्या छोट्या बंदराला त्यांनी कॅलशॉट हेच नाव दिले. शेवंडांच्या व्यापाराने रोख उत्पन्न वाढले. लोकसंख्या आता अडीचशेच्याही आत आहे, तरुण मंडळी शिक्षणासाठी बाहेर पडतात आणि त्यांतील किती परत येतील ही वडीलधाऱ्यांची चिंता आहे. २०२० मध्ये सभोवतालच्या सुमारे सात लाख चौरस किलोमीटर सागराला त्यांनी संरक्षित क्षेत्र ठरविले. चराईच्या रानासाठी पूर्वजांनी केलेला मर्यादेचा नियम वंशजांनी समुद्रालाही लागू केला, असेच त्याचे वर्णन करता येईल.

दूरच्या खेड्यांकडे पाहणारी शहरी नजर सामान्यतः दोनच गोष्टी पाहते: एक तर दैन्य, नाहीतर निसर्गरम्य साधेपणा. त्रिस्तानला आलेल्या अनेक पाहुण्यांनी या दोहोंपैकी एक टिपून नेले. पण १४८ जणांनी परतीच्या बाजूने मत दिले तेव्हा इंग्लंडातील सुखसोयी वर्षभर वापरून झाल्या होत्या, आणि बेटावरचे कष्टही त्यांस पुरते ठाऊक होते. ज्यांना तेथे राहायचे होते त्यांना प्रथमच कोणी विचारले, आणि त्यांनी उत्तर दिले.