रडार उपग्रहांद्वारे जलनिरीक्षण (सोलापूर जिल्हा)

रडार उपग्रहांद्वारे जलनिरीक्षण : उपग्रहावरून जमिनीकडे सूक्ष्मतरंगांचे स्पंद पाठवून, परतलेल्या तरंगांवरून पाऊस, मातीतील ओलावा, जलाशयांचा पसारा व पाण्याची पातळी मोजण्याची पद्धत.

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. भीमा नदीचे बरेचसे पाणी पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरून येते आणि उजनी धरणात (१९८०) साठते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यापैकी सुमारे ५३.५ टीएमसी साठा उपयुक्त आहे. तो संपून मृतसाठ्याला हात लागला की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात. धरण भरते ते नेमके पावसाळ्यात, आकाश ढगाळ असताना. त्या काळात साधे छायाचित्रण निरुपयोगी ठरते. रडारला मात्र सूर्यप्रकाश लागत नाही आणि त्याचे लांब तरंग ढगांतून आरपार जातात.

कार्यपद्धती : तिरप्या दिशेने आलेले तरंग संथ पाण्यावरून दुसरीकडे परावर्तित होतात, त्यामुळे प्रतिमेत पाणी काळे दिसते. त्यावरून उजनीचा फुगवटा किंवा सीना-भीमेचे पूरक्षेत्र आखता येते. ओल्या मातीचा विद्युत् अपार्यता स्थिरांक कोरड्या मातीपेक्षा बराच अधिक असल्याने ती अधिक तरंग परत पाठवते. रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्वी काळ्या जमिनीतील वरच्या थराची ओल अजमावण्यास हा गुण उपयोगी आहे. तरंगाला परत येण्यास लागलेल्या वेळावरून पाण्याची पातळी कळते; पातळी व विस्तार मिळून साठ्यातील बदल काढता येतो. पाऊस मोजण्यासाठी थेंबांवरून विखुरणारे आखूड तरंग वापरतात.

प्रमुख उपग्रह : भारताचा ईओएस-०४ (२०२२) व युरोपचा सेंटिनेल-१ (२०१४ पासून) हे सूक्ष्मतरंगांचा सी-पट्टा वापरतात; भारताचा आता बंद पडलेला रिसॅट-१ (२०१२) हाही तोच पट्टा वापरत असे. पर्जन्यमापनासाठी जीपीएम (२०१४), तर पातळीसाठी भारत-फ्रान्सचा सरल (२०१३) व नासा-फ्रान्सचा स्वॉट (२०२२) हे उपग्रह आहेत. स्वॉट १०० मीटरपेक्षा रुंद नद्यांसाठी आखलेला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला नासा-इस्रोचा निसार दर १२ दिवसांनी तीच जागा पाहतो. त्याचे सुमारे २४ सेंमी. लांबीचे एल-पट्ट्यातील तरंग सी-पट्ट्यापेक्षा पिकांत खोलवर शिरतात.

मर्यादा : वाऱ्याने लाटा उठल्यास पाणी उजळ दिसते, उभ्या उसाखालची ओल झाकली जाते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन ओसरलेला पूर निसटू शकतो. भूजल थेट मोजता येत नाही. म्हणून धरणावरील पातळीमापक, पर्जन्यमापक व विहिरींच्या नोंदी यांच्याशी पडताळणी आवश्यक असते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापुरात मेघबीजनाचे प्रयोग करताना जमिनीवरील रडार वापरले होते. अशी स्थानिक निरीक्षणे उपग्रहाच्या पर्जन्य-अंदाजांना कसाला लावतात. उजनीचे प्रत्येक आवर्तन पिण्याचे पाणी, ऊस व ज्वारी यांत वाटायचे असल्याने या जिल्ह्यात अशा मोजमापाला मोठे मोल आहे.