न फोडता रस्ता पाहणे

अमरावती-अकोला या आपल्या वाटेवर जून २०२२ मध्ये जागतिक विक्रम झाला. ३ तारखेच्या सकाळी सुरू झालेले काम ७ तारखेच्या सायंकाळी थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी थर अखंड पडला. ७२० माणसे राबली. त्यांना माझा मुजरा! पण वेग घड्याळाने मोजता येतो. रस्त्याचे बळ कशाने मोजावे?

जुनी रीत फोडून पाहण्याची. तरुणपणी मी एका टोळीत गिट्टी वाहत असे. रस्ता खचला, खड्डे घेतले, डांबराची जाडी बरोबर भरली. तरी 'दबाई नीट केली नाही' म्हणून आमचीच रोजी कापली. खालच्या काळ्या मातीला कोणी जाब विचारला नाही. आणि ते खड्डे बुजविले, तेही आम्हीच!

न फोडता पाहण्याची एक युक्ती अमेरिकेतील आयडाहो प्रांतात, १९५२ ते १९५४ च्या मोठ्या रस्तेचाचणीत निघाली. ए. सी. बेंकेलमन यांची ती साधी लांब दांडी. तिचे टोक भरलेल्या मालमोटारीच्या मागील जोडचाकांच्या फटीत टेकवायचे. मोटार सरकली की दबलेला रस्ता वर उठतो, आणि किती उठला हे तबकडी दाखविते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८१ मध्ये तिचे नियम घातले: मागील आसावर ८१७० किलो भार, डांबराची उष्णता ३५ अंश धरून हिशेब, आणि मोजणी शक्यतो पावसाळा संपताच, जमीन नरम असताना. वऱ्हाडात हे फार महत्त्वाचे. वैशाखात भेगाळलेल्या काळ्या मातीवरचा रस्ता पहिलवान दिसतो. आश्विनात तोच लंगडतो.

परंतु रस्ता किती दबला एवढेच दांडी सांगते. कोणत्या थरामुळे दबला, ते सांगत नाही. त्यासाठी वजन पाडणारे यंत्र आहे, 'फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर'. त्याचे आपल्याकडील नियम २०१४ चे. ३० सेंटीमीटरच्या थाळीवर वजन आदळते, आणि थाळीपासून दूरदूर ठेवलेली उपकरणे दबण्याची वाटी टिपतात. थाळीजवळच दबले तर दोष वरच्या थरांत असण्याचा संभव अधिक. लांबवर दबले तर खालच्या मातीत.

माझ्या मते गावरस्त्याला दांडी पुरे. दोष कोणाचा हा तंटा असेल, तेथे यंत्रच आणावे. तरीही चार-दोन ठिकाणी खणावे लागते, कारण हिशेबाला थरांची जाडी हवी. ते खड्डे बुजविण्याची मजुरी मात्र वेगळी लिहावी.