हाली, कलदार आणि फोनमधला रुपया

परवा भाचीने पुण्याहून फोनवर विचारलं, "मावशी, तुमच्या पुंडलिकनगरात भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे फोनवर पैसे घेतात म्हणे. लोकांनी हे एवढ्या लवकर स्वीकारलं कसं?" तीसेक वर्षं इतिहास शिकवलेली बाई मी. सरळ उत्तर द्यायची सवयच नाही. मी म्हटलं, ह्याचं उत्तर हालीत आहे. तिला वाटलं, मी 'हल्ली' म्हणतेय!

हाली म्हणजे निजामाच्या राज्यातला रुपया, हाली शिक्का. त्यावर चारमिनार असायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदी मिळेनाशी झाली तेव्हा, १९१८ पासून, निजामाने कागदी नोटाही काढल्या. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. आपल्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पण त्या काळाबद्दल लिहिताना जुनंच नाव येतं) दोन्हींची गाठ रोज पडायची. माझे वडील कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. माल यायचा मुंबईहून, त्याचे पैसे कलदारात द्यायचे. गिऱ्हाईक खेड्यातलं, त्याच्या कमरेला हाली. मध्ये सराफ बसलेला, तो बट्टा कापणार. आगगाडीने मनमाडला उतरलं की इंग्रजी मुलूख, तिथे हाली कुणी पुसायचं नाही. वडील सांगायचे, सौदा ठरताना पहिला प्रश्न भावाचा नसायचाच. पहिला प्रश्न, "हाली की कलदार?"

आणि दुसरी गोष्ट, वाजवून बघणे. रुपया फरशीवर टाकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत गिऱ्हाइकाच्या हातात. 'वाजवून घेणे' हा शब्दप्रयोग आपण आज माणसांसाठीही वापरतो, तो आला असा.

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं. पण हाली एका रात्रीत गेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५० साली भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला. भाव ठरला सात हालीला सहा रुपये. पुढच्या वर्षी नवा हाली निघणं थांबलं, तरी तो कायद्याने बाद व्हायला १९५९ साल उजाडलं. मध्येच १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले. म्हणजे माझ्या आईने दहा वर्षांत हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे असे सगळे हिशेब केले. चौथी शिकलेली होती. कुठे अडलं नाही, कारण वेळ मिळाला. आणि नव्या रुपयात तिला फायदा दिसला. तो मनमाडपलीकडेही तसाच चालायचा, आणि बट्टा लागायचा नाही.

आता ह्याच्या उलट गोष्ट. आमच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबाद आहे. राजधानी तिथे हलवणाऱ्या महंमद तुघलकाने साधारण १३२९ ते १३३२ च्या दरम्यान तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीला घ्या असा हुकूम सोडला. नाण्यावर मजकूर होता त्याचा अर्थ असा, की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. मुलांना शिकवताना मी ह्या तासाला हमखास विचारायची, "चांगल्या नाण्यावर असं बजावून का लिहावं लागेल रे?" बरनी लिहितो की घरोघरी टांकसाळी सुरू झाल्या. तांबं वाजवून खरं-खोटं कळायचं नाही, मग दुसरं काय होणार? शेवटी सुलतानाने ती नाणी परत घेतली आणि खजिन्यातून बदल्यात चांदी दिली.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा मला ह्या दोन्ही गोष्टी आठवत होत्या. हालीला मिळाली होती वर्षं, इथे चार तास. बँकेपुढे रांगा, बोटाला शाई, आणि हातात दोन हजारची गुलाबी नोट, जिचे सुट्टे कुणाकडेच नाहीत. त्या दिवसांत वॉलेटच्या जाहिराती सगळीकडे झळकल्या आणि पुष्कळांनी ती फोनवर घेतली. पण माझं निरीक्षण असं की नोटा परत आल्या तशी ती घाई ओसरली. देशातली रोकड तर २०२४ च्या मार्चपर्यंत नोटबंदीच्या वेळच्या जवळपास दुप्पट झाली. धाकाने माणूस नवा पैसा हातात घेतो, पण धाक संपला की खाली ठेवतो.

वॉलेटची खरी अडचण हालीचीच होती. प्रत्येक कंपनीचं वॉलेट म्हणजे एकेक संस्थान. आधी त्यात पैसे भरा. दुकानदाराकडे त्याच कंपनीचा कागद चिकटवलेला असला तर चालणार, नाहीतर नाही. ह्याचे पैसे त्यात जाणार नाहीत, आणि परत बँकेत न्यायचे तर बऱ्याच ठिकाणी टक्केवारी कापणार. बट्टाच की हा! कलदार झालं ते यूपीआय. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याची सुरुवात झाली तेव्हा आमच्यापैकी कुणाला पत्ताही नव्हता. त्या डिसेंबरात सरकारी ॲप आलं, त्याला बाबासाहेबांच्या नावावरून 'भीम' नाव दिलं. (बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला होता, आणि मिलिंद महाविद्यालय १९५० साली आमच्याच गावात काढलं. आमच्या गावाला हे नाव परकं नाही.) पैसे आपल्याच बँकेत राहतात, कुठल्याही ॲपने कुठलाही चौकोन टिपता येतो, आणि १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कही नाही. मग आला कोरोना, नोटेला हात लावायची भीती. महिन्याला शंभर कोटी व्यवहारांचा टप्पा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गाठला होता, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा दोन हजार कोटींवर गेला. हे काही रांगेत उभं करून झालेलं नाही.

तरी भाजीवाली आजीबाई पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवेना. खोटी खूण दाखवून पसार होणारे भेटतातच. गजानन महाराज मंदिराच्या चौकाकडे जाताना आता प्रत्येक गाडीवर ती छोटी पेटी दिसते. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की ती बोलते, "चाळीस रुपये प्राप्त झाले." आजीबाई कान देतात, मगच पिशवी पुढे करतात. वडील फरशीवर रुपया टाकून कान द्यायचे, अगदी तसाच चेहरा. आणि सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवणं थांबलं, हा फायदा तर मला गिऱ्हाईक म्हणूनही मान्य आहे.

भाचीला एवढं सांगून झालं तर ती म्हणाली, "म्हणजे आता सगळं छानच." तिथे मात्र मी अडते. माझी आई हालीचे रुपये तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. वडिलांना माहीत नव्हतं, किंवा होतं आणि ते विचारायचे नाहीत. माझ्या शाळेच्या फीला तोच डबा उघडला. २०१६ साली असे किती डबे नवऱ्यासमोर, मुलांसमोर रिकामे करावे लागले, ते कुठल्या आकड्यात येत नाही. बाई नोटा लपवू शकते. फोनमधला रुपया, ज्याच्या हातात फोन त्याला दिसतो. आणि पुष्कळ घरांत फोन एकच असतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं खातं आहे, नंबर मुलाच्या फोनला जोडलेला. दर महिन्याला मी पगार पाठवते, मुलाच्या खिशात पेटीसारखा आवाज होतो. मागच्या दिवाळीला बोनस पाठवायला मी फोन उचलला तर त्यांनी माझा हात धरला. "बाई, पगार तिकडंच टाका. पण हे माझ्या हातात द्या."